केस गळाले, आळ पाण्यावर आला

जानेवारी २०२५मध्ये बुलढाणा जिल्ह्यातल्या शेगाव तालुक्यात लोकांचे केस अचानक गळू लागले. आधी डोक्याला खाज, मग नुसता हात फिरवला तरी पुंजके हातात, आणि तीन-चार दिवसांत टक्कल. बोंडगाव, कालवड, हिंगणा अशी एकामागून एक गावं. लहान मुलं, बाया, म्हातारी माणसं, कुणीच सुटलं नाही. पाण्याचे नमुने लगेच तपासले गेले आणि बातम्या झळकल्या: नायट्रेट १० हवं, ते ५४ निघालं, टीडीएस ११० हवा, तो २१०० निघाला.

हे आकडे वाचून कुणीही हादरेल. पाचपट नायट्रेट, एकोणीसपट क्षार! पण हे 'हवं' आलं कुठून?

भारतीय मानकाप्रमाणे पिण्याच्या पाण्यात नायट्रेटची मर्यादा लिटरमागे ४५ मिलिग्रॅम आहे. मग १० हा आकडा कुठला? माझा अंदाज असा, की तो अमेरिकेच्या मानकातून आला असावा. तिथे मर्यादा १० आहे खरी, पण ती नायट्रेटमधल्या फक्त नायट्रोजनच्या वजनाची. नायट्रेटच्या कणाचं वजन ६२ धरलं तर त्यात नायट्रोजन १४ आणि उरलेला प्राणवायू. १० मिलिग्रॅम नायट्रोजन म्हणजे जवळपास ४४ मिलिग्रॅम नायट्रेट. दोन्ही देशांची मर्यादा व्यवहारात एकच आहे, फक्त मोजायची रीत वेगळी. म्हणून ५४ची तुलना ४५शी करायची. तशी केली की पाणी मर्यादेबाहेर ठरतं, पण पाचपट नव्हे, पाचवा हिस्सा जास्त.

टीडीएसचंही तसंच. टीडीएस म्हणजे पाण्यात विरघळलेल्या सगळ्या क्षारांची बेरीज. त्याची मर्यादा ५०० आहे आणि दुसरा स्रोतच नसेल तर २०००पर्यंत चालवून घेतात. ११० अशी कुठलीही मर्यादा आपल्या मानकात नाही. शिवाय अकोला, अमरावती, बुलढाणा या जिल्ह्यांतून जाणारा पूर्णा नदीचा खारपाणपट्टा काही काल तयार झालेला नाही. तिथल्या विहिरींचं पाणी पिढ्यान् पिढ्या खारट आहे. लोकांनी ते नाइलाजाने प्यायलं, त्याचा त्रास भोगला, त्याबद्दल सरकारदरबारी ओरड केली. तेव्हा कुणाचे केस असे तीन दिवसांत गेले नव्हते.

मला वाटतं, पाणी जुनंच असेल तर त्रास आताच का, हा प्रश्न पाण्याची कुठलीही बातमी वाचताना सर्वांत आधी विचारायला हवा. त्रास नवा असेल तर कारणातही काहीतरी नवं असलं पाहिजे. पाण्यात एखादा पदार्थ सापडणं ही एक गोष्ट आणि त्या पदार्थाने हा आजार होणं ही दुसरी. त्या दोहोंना जोडण्यासाठी तो पदार्थ शरीरात नेमकं काय करतो, हे ठाऊक असावं लागतं.

नायट्रेट काय करतं, ते चांगलं ठाऊक आहे. १९४५ साली हंटर कोमली या डॉक्टरने अमेरिकेतल्या आयोवामध्ये विहिरीच्या पाण्यात कालवलेलं दूध पिऊन निळी पडलेली तान्ही बाळं नोंदवली. पोटातले जिवाणू नायट्रेटचं नायट्राइट करतात आणि नायट्राइट हिमोग्लोबिनमधल्या लोहाची अवस्था बदलून टाकतं. मग रक्त प्राणवायू वाहू शकत नाही. सहा महिन्यांच्या आतल्या बाळाच्या पोटात आम्ल कमी, आणि रक्त पूर्ववत करणारं विकरही कमी, म्हणून धोका मुख्यतः त्यालाच. ४५ची मर्यादा या बाळांच्या अनुभवावरून ठरली. या सगळ्यात केसांचा कुठेही संबंध येत नाही.

फेब्रुवारीत डॉ. हिंमतराव बावस्कर यांनी आपले निष्कर्ष मांडले. विंचूदंशावरच्या उपचारासाठी महाराष्ट्र ज्यांना ओळखतो, तेच हे डॉक्टर. बाधित लोकांच्या रक्तात सेलेनियम हे मूलद्रव्य ३५ पट, लघवीत ६० पट आणि केसांत तर १५० पट वाढलेलं त्यांना आढळलं. माग काढत ते रेशनच्या गव्हापर्यंत पोहोचले. गहू धुऊन तपासला तरी सेलेनियम फारसं उतरलं नाही, म्हणजे ते वरून चिकटलेलं नव्हतं, दाण्यातच होतं. सेलेनियम शरीराला लागतं, पण मोठ्या माणसाला दिवसाला साधारण ५५ मायक्रोग्रॅम पुरतं. ते अती झालं की केस आणि नखं जातात, हे चीनमधल्या एन्शी भागात १९६०च्या दशकात दिसून आलं होतं. तिथेही ते प्रामुख्याने शेतातल्या धान्यातून पोटात गेलं होतं. शेगावात एप्रिलमध्ये लोकांची नखंही गळू लागली.

तेव्हा केसांच्या बाबतीत पाण्यावर आलेला आळ टिकत नाही. पण म्हणून ते पाणी चांगलं ठरत नाही, आणि मला खरी काळजी इथे वाटते. केस गळायचे थांबले, बातम्याही थांबल्या, नायट्रेट मात्र जिथे होतं तिथेच आहे. केंद्रीय भूजल मंडळाच्या २०२४च्या अहवालात देशातल्या ४४० जिल्ह्यांत कुठे ना कुठे नायट्रेट मर्यादेपेक्षा जास्त सापडलं. त्यातही जास्त ग्रासलेल्या जिल्ह्यांत वर्धा, बुलढाणा, अमरावती, यवतमाळ, नांदेड, बीड आणि जळगाव ही आपली नावं आहेत. युरियाचा मारा, विहिरीला लागून असलेले शौचालयाचे शोषखड्डे, शेणाचे उकिरडे ही त्याची उगमस्थानं. मातीच्या कणांवर ऋण भार असतो आणि नायट्रेटवरही ऋणच, त्यामुळे माती त्याला धरून ठेवत नाही. पावसाबरोबर ते सरळ खाली उतरतं.

गावच्या पाण्याचा तपासणी अहवाल ग्रामपंचायतीकडे मागता येतो. जलसुरक्षक नमुना घेतो आणि तो जिल्ह्याच्या किंवा उपविभागाच्या प्रयोगशाळेत जातो. अहवाल हातात आला की नायट्रेटची ओळ शोधा, एकक पाहा, आणि नमुना कुठल्या विहिरीचा व कुठल्या महिन्यातला तेही पाहा. मे महिन्यातली विहीर आणि ऑगस्टमधली विहीर एकच आकडा देईल असं नाही. घरातलं टीडीएसचं पेन इथे कामाचं नाही. ते फक्त पाण्यातून वीज किती वाहते ते मोजतं, त्यात नायट्रेट किती हे त्याला कळत नाही.

घरात वरच्या दुधावरचं बाळ असेल आणि आकडा ४५च्या वर असेल, तर ते पाणी त्याच्या दुधात घालू नका. उकळूनही नाही. उकळल्याने जंतू मरतात, पण पाणी आटतं आणि उरलेल्या पाण्यात नायट्रेटचं प्रमाण वाढतं. तुरटी, क्लोरीन, यूव्ही यांचाही नायट्रेटवर परिणाम होत नाही. आरओने ते कमी होतं. आरओ नसेल तर नायट्रेट कमी असलेल्या दुसऱ्या स्रोताचं पाणी आणावं लागेल, आणि ते पुरवण्याची जबाबदारी ग्रामपंचायतीची आहे.