तेजाब जातं तरी कुठे?

विटा, खानापूर, आटपाडीकडची गलाईवाली मंडळी देशभर सोनंचांदी गाळायला पसरलीयत हे माहीत असतं आपल्याला, पण त्या धंद्यातलं तेजाब, म्हणजे आपलं नायट्रिक ॲसिड, वापरून झाल्यावर जातं कुठे हे सहसा कुणी विचारत नाही.

जुनी पद्धत अशी की मिश्र सोन्यात सोनं साधारण पाव हिस्सा उरेल इतकी चांदी घालून वितळवायचं आणि मग तेजाबात टाकायचं. चांदी-तांबं विरघळून जातं, सोनं तपकिरी भुकटी होऊन तळाशी बसतं. यात ॲसिड दोन वाटांनी जातं, एक म्हणजे चांदीला चिकटून सिल्व्हर नायट्रेट होतं आणि दुसरं म्हणजे धूर. गंमत म्हणजे कडक ॲसिड जास्त वाया जातं! कडक असेल तर चांदीच्या एका अणूमागे ॲसिडचे दोन रेणू लागतात आणि त्यातला एक तपकिरी धूर होऊन उडतो, पातळ असेल तर तीन अणूंना चार रेणू पुरतात आणि वायू होतो फक्त एकाचा. तो धूर हवेसोबत पाण्यातून नेला तर बरंचसं ॲसिड परत मिळतं, आणि नेलाच पाहिजे, कारण हा धूर छातीत गेला तर लगेच काही वाटत नाही, काही तासांनी फुप्फुसात पाणी भरतं.

उरलेलं जादाचं ॲसिड डिस्टिलेशनने, म्हणजे उकळून त्याची वाफ पुन्हा थंड करून, काढतात, आणि इथे खरी मजा आहे. पाणी 100 अंशाला उकळतं, शुद्ध नायट्रिक ॲसिड 83 ला, म्हणजे मिश्रण मधेच कुठेतरी उकळायला हवं ना? तर नाही, 68 टक्क्यांचं मिश्रण 120.5 अंशाला उकळतं, दोघांच्याही वर! ॲसिड आणि पाणी एकमेकांना इतकं घट्ट धरतात की सुटायला जास्त उष्णता लागते. त्यामुळे पातळ ॲसिड उकळलं की आधी मुख्यतः पाणी निघतं, भांड्यातलं ॲसिड कडक होत होत 68 टक्क्यांवर येतं आणि तिथे अडतं, कारण आता वाफेतही तेच प्रमाण असतं. बाजारातली बाटली 68-70 टक्क्यांची असते ती यामुळेच. याच्या पुढे जायला पाणी ओढून घेणारं तिसरं रसायन लागतं, पण चांदी विरघळवणाऱ्याला त्याची काय गरज, तो तर हेही पाणी घालून पातळच करणार.

ॲसिड उडून गेल्यावर तळाशी सिल्व्हर नायट्रेट राहतं, ते 212 अंशाच्या आसपास वितळतं पण फुटायला, म्हणजे त्याचं विघटन व्हायला, 400 च्या वर जावं लागतं. कॉपर नायट्रेट मात्र बरंच आधी फुटून पुन्हा तपकिरी धूर सोडतं, म्हणून तांबं जास्त असलं की सांभाळून. जर्मनीतल्या ॲग्रिकोलाच्या 1556 सालच्या धातूविद्येच्या ग्रंथात काचेच्या भांड्यांतून तेजाबाचं डिस्टिलेशन करायचं वर्णन आहे, म्हणजे ही काटकसर काही आजची नाही.

आणि हे फक्त सोन्याचांदीपुरतं नाही. तारापूरला अणुइंधनाची पुनर्प्रक्रिया होते, तिथेही वापरलेलं इंधन नायट्रिक ॲसिडमध्येच विरघळवतात. अशा प्लांटमध्ये ॲसिड परत काढायचं कारण मात्र निव्वळ पैसा नसतो, जे परत काढलं नाही ते किरणोत्सारी कचऱ्यात भर घालतं आणि मग तो कचरा सांभाळत बसावं लागतं.