उद्योगांच्या जबाबदारीचा प्रश्न कुठून आला

सामाजिक आणि पर्यावरणीय प्रश्नांत उद्योगांची भूमिका काय असावी, ही चर्चा आज बहुधा देणग्या, वृक्षारोपण आणि वार्षिक अहवाल यांच्याभोवती फिरते. इतिहास पाहिला, तर हा प्रश्न उभा राहिला तो दोन गोष्टींवरून: माल तयार होताना इतरांचे जे नुकसान होते त्याचा खर्च कोणी सोसायचा, आणि त्या नुकसानाची माहिती कारखान्याच्या भिंतीबाहेर केव्हा यायची. यातली दुसरी गोष्ट मला अधिक महत्त्वाची वाटते, कारण कित्येक मोठ्या प्रकरणांत अपायाचा पुरावा बाधितांच्या हाती येण्यापूर्वी खुद्द अपाय करणाऱ्याच्या कपाटात जमा झालेला होता.

एकोणिसाव्या शतकातील ब्रिटनमध्ये साबण, काच आणि कापड या तिन्ही धंद्यांना सोडा, म्हणजे एक अल्कली (क्षार), लागत असे. लब्लांक पद्धतीने तो मिठापासून बनवताना मिठावर गंधकाम्लाची प्रक्रिया केली जाई आणि त्यातून निघणारा हायड्रोक्लोरिक आम्लाचा वायू सरळ धुराड्यातून सोडून दिला जाई. दमट हवेत मिसळून तो आजूबाजूची पिके आणि झाडे करपवून टाकी. यावर उपाय नव्हता असेही नाही. विल्यम गॉसेज यांनी १८३६ मध्येच एक मनोरा तयार केला होता. त्यात वरून पाणी झिरपत येई, खालून वायू चढे आणि वाटेतच पाण्यात विरघळून जाई. पण वायू हवेत सोडण्याला काहीच पैसे पडत नसल्यामुळे मनोरा बांधण्याची आणि तो नीट चालवण्याची निकड सर्वांना वाटली नाही. अखेर जमीनदारांच्या तक्रारींनंतर १८६३ मध्ये अल्कली कायदा झाला आणि किमान ९५ टक्के आम्लवायू अडवणे सक्तीचे ठरले.

या कायद्यातील टक्केवारीइतकेच महत्त्व त्याने नेमलेल्या निरीक्षकाला आहे. रॉबर्ट अँगस स्मिथ हे पहिले अल्कली निरीक्षक रसायनशास्त्रज्ञ होते आणि ‘आम्लपर्जन्य’ ही संज्ञा त्यांच्याच १८७२ च्या ग्रंथामुळे रूढ झाली. कारखान्यातून काय बाहेर पडते हे मोजण्याचा अधिकार आता मालकाखेरीज आणखी कोणाला तरी मिळाला होता. कायद्याची उणीवही लवकरच उघडी पडली. तो फक्त हवेविषयी बोलत होता, म्हणून अडवलेले आम्ल कित्येक ठिकाणी ओढ्यानाल्यांत सोडले गेले. पुढे त्याच आम्लापासून क्लोरीन आणि क्लोरीनपासून कापड पांढरे करणारे विरंजक चूर्ण बनू लागले, तेव्हा फेकून दिल्या जाणाऱ्या पदार्थाला गिऱ्हाईक मिळाले.

याच सुमारास, १८५५ मध्ये, ब्रिटनने मर्यादित दायित्वाचा कायदा केला. भागधारकाचे नुकसान त्याने गुंतवलेल्या रकमेपुरतेच राहू लागल्यामुळे रेल्वे आणि गिरण्यांसारख्या मोठ्या उद्योगांसाठी अनोळखी माणसांकडून भांडवल उभे करणे सोपे झाले. हा उपयोग नाकारता येत नाही. मात्र कंपनीमुळे तिसऱ्याच माणसाला पोचणाऱ्या हानीला अशी कोणतीही मर्यादा नव्हती. ही विसंगती अर्थशास्त्राच्या भाषेत मांडण्याचे काम ब्रिटिश अर्थशास्त्रज्ञ आर्थर पिगू यांनी १९२० मध्ये केले. आगगाडीच्या इंजिनातून उडणाऱ्या ठिणग्यांनी कडेचे रान जळते, त्याची भरपाई रेल्वे करत नसेल, तर तिचा खर्च समाजाच्या खर्चापेक्षा कमी दिसतो, आणि हा फरक करआकारणीने भरून काढावा, असा त्यांच्या विवेचनाचा रोख होता.

जपानमधील मिनामाता येथे घडलेले प्रकरण या साऱ्या इतिहासाच्या केंद्रस्थानी ठेवावे असे मला वाटते. तिथल्या चिस्सो कंपनीच्या कारखान्यात १९३२ पासून पारायुक्त उत्प्रेरक वापरून ॲसिटाल्डिहाइड हे रसायन तयार होत होते आणि सांडपाणी खाडीत जात होते. मासे खाणाऱ्या मांजरांना झटके येऊ लागले. मग माणसांचे हात थरथरू लागले, बोलणे अडखळू लागले, आणि १९५६ मध्ये या आजाराची अधिकृत नोंद झाली. कंपनीच्याच रुग्णालयातील डॉक्टर हाजिमे होसोकावा मांजरांवर प्रयोग करत होते. ॲसिटाल्डिहाइड विभागाचे सांडपाणी अन्नात मिसळून दिलेल्या ‘४०० क्रमांकाच्या’ मांजराला ऑक्टोबर १९५९ मध्ये तीच लक्षणे दिसू लागली. हा निष्कर्ष बाहेर आला नाही. उलट त्याच वर्षी डिसेंबरमध्ये कंपनीने रुग्णांशी ‘सहानुभूती रकमेचा’ करार केला आणि पुढे कारखाना दोषी ठरला तरी आणखी भरपाई मागणार नाही, असे कलम त्यात घातले. पारा वापरून ॲसिटाल्डिहाइड बनवण्याची पद्धत बंद झाली १९६८ मध्ये. होसोकावा यांनी १९७० मध्ये आजारपणात अंथरुणावरून साक्ष दिली, आणि १९७३ मध्ये कुमामोतोच्या न्यायालयाने कंपनीला जबाबदार धरून तो करार रद्दबातल ठरवला. प्रयोगाचा निष्कर्ष आणि निकाल यांच्यामध्ये तेरा वर्षांहून अधिक काळ गेला.

माहिती दडवण्याची दुसरी तऱ्हा अमेरिकेतील सिगारेट उद्योगाने रूढ केली. जानेवारी १९५४ मध्ये प्रमुख कंपन्यांनी चारशेहून अधिक वृत्तपत्रांत संयुक्त निवेदन छापून लोकांचे आरोग्य ही आपली सर्वोच्च जबाबदारी असल्याचे जाहीर केले आणि धूम्रपान व कर्करोग यांच्या संबंधाबद्दल शंकाही व्यक्त केली. कंपन्यांनी जनतेची दशकानुदशके फसवणूक केली, असा निर्णय संघीय न्यायालयाने २००६ मध्ये दिला. अमेरिकी अर्थशास्त्रज्ञ मिल्टन फ्रीडमन यांचा १९७० चा प्रसिद्ध लेख याच पार्श्वभूमीवर वाचायला हवा. व्यवसायाची जबाबदारी नफा वाढवणे हीच, एवढेच त्यातून उद्धृत केले जाते. पण नियमांच्या चौकटीत राहून आणि फसवणूक न करता, ही अटही फ्रीडमन यांनी त्याच वाक्यात घातली होती. तिच्याकडे दुर्लक्ष झाले याची मला खंत वाटते.

२ आणि ३ डिसेंबर १९८४ च्या मध्यरात्री भोपाळमधील युनियन कार्बाइडच्या कारखान्यातून सुमारे ४० टन मिथाइल आयसोसायनेट हे विषारी रसायन गळले. हजारो माणसे दगावली, आणि डोळे व छाती जळत आलेल्या रुग्णांवर नेमके कोणते उपचार करावेत याची भरवशाची माहिती डॉक्टरांकडे नव्हती. शेजारच्या कारखान्यात कोणती विषारी द्रव्ये साठवलेली आहेत हे जाणून घेण्याचा रहिवाशांचा हक्क या दुर्घटनेनंतर गांभीर्याने घेतला गेला. अमेरिकेने १९८६ मध्ये तसा कायदा केला. कोणते रसायन वर्षभरात हवेत, पाण्यात आणि जमिनीत किती सोडले, याचे आकडे कारखान्यांना जाहीर करावे लागले.

पुढे उत्पादन दूरदूरच्या पुरवठादारांकडे गेले, तेव्हा माहितीची ही साखळी पुन्हा तुटली. बांगलादेशातील राणा प्लाझा ही कपडे शिवणारे कारखाने असलेली इमारत २४ एप्रिल २०१३ रोजी कोसळून १,१३४ जणांचा मृत्यू झाला. आदल्या दिवशी तडे दिसल्यावर खालची बँक बंद ठेवण्यात आली होती. शिवणकाम करणाऱ्या कामगारांना मात्र कामावर बोलावण्यात आले. तिथल्या काही कारखान्यांचे सामाजिक लेखापरीक्षण, म्हणजे कामगारांच्या परिस्थितीची तपासणी, आधी झालेले होते. कोणत्या ब्रँडचे कपडे तिथे शिवले जात होते हे सिद्ध करण्यासाठी कार्यकर्त्यांना ढिगाऱ्यातून कपड्यांवरच्या पट्ट्या आणि कागदपत्रे गोळा करावी लागली.

संयुक्त राष्ट्रांच्या मानवी हक्क परिषदेने जॉन रगी यांनी तयार केलेली व्यवसाय आणि मानवी हक्क यांविषयीची मार्गदर्शक तत्त्वे २०११ मध्येच स्वीकारली होती. आपल्या पुरवठा साखळीतील हानी कंपनीने स्वतःहून शोधावी, रोखावी आणि तिचा हिशेब द्यावा, अशी अपेक्षा त्यांत आहे, पण ती बंधनकारक नाहीत. फ्रान्सने २०१७ मध्ये मोठ्या कंपन्यांना दक्षता आराखडा, म्हणजे हानी ओळखण्याची आणि रोखण्याची योजना, तयार करून तो प्रसिद्ध करणे कायद्याने बंधनकारक केले. त्या विधेयकावर काम सुरू असताना पुराव्याचा भार कंपनीवर टाकण्याची कल्पना मांडली गेली होती, परंतु अंतिम कायद्यात ती राहिली नाही. त्यामुळे कागदपत्रे कंपनीच्या ताब्यात असली, तरी हानी तिच्यामुळेच झाली हे बाधितालाच सिद्ध करावे लागते.