दौलतजादा ते सुपरचॅट: नवख्याला उचलून धरणाऱ्यांची गोष्ट

परवा तासगाव बाजूच्या एका पोरानं मला विचारलं, दादा हे क्युरेटर क्युरेटर म्हणतात ते नेमकं कोण ओ? मी पटकन बोलून गेलो, सांगलीचे चिंतामणराव पटवर्धन. त्याला वाटलं मी चेष्टा करतोय, पण खरंच तसंच आहे. १८४२ ला कानडा मुलखातली भागवत मंडळी सांगलीत खेळ करून गेली, राजेसाहेबांनी ते बघितले आणि आपल्याच पदरी असलेल्या, विशीतल्या, कळसूत्री बाहुल्या करण्याचा नाद असलेल्या विष्णुदास भाव्यांना सांगितलं की असलं काहीतरी मराठीत कर. पुढच्याच वर्षी, १८४३ ला, 'सीता स्वयंवर' उभं राहिलं. म्हणजे कुणाच्या अंगात काय आहे हे ओळखायचं, त्याला काम द्यायचं, पहिला खेळ चार लोकांसमोर करायला लावायचा. क्युरेटर अजून वेगळं काय करतो?

आता यातली गोम बघा. १८५१ ला राजेसाहेब गेले आणि दरबारचा आधार आटला. एकाच माणसावर सगळं उभं असलं की असं होतं. मग भावे मंडळी घेऊन गावोगाव फिरले आणि १८५३ ला मुंबईत तिकीट लावून प्रयोग केले. दरबाराचा पैसा संपला तिथनं प्रेक्षकाचा पैसा सुरू झाला, आज ज्याला आपण क्राउडफंडिंग म्हणतो त्याची ही मराठीतली जुनी पायरीच म्हणा.

पण प्रेक्षकाकडनं पैसे कसे काढायचे हे खरं कुणाला कळलं असेल तर ते तमाशावाल्यांना. सांगलीजवळचं कवलापूर म्हणजे काळू-बाळूंचं गाव, आणि पठ्ठे बापूराव वाळवा तालुक्यातल्या रेठरे हरणाक्षचे, त्यामुळं आपल्याकडं हे रक्तातच आहे म्हटलं तरी चालेल. जत्रा ठरली की गावची पंचमंडळी फडाला सुपारी द्यायची, म्हणजे निवड आधी पंचांची. आणि खेळ रंगला की दौलतजादा, कुणीतरी नोट पुढं करायचं आणि स्टेजवरनं पुकारा व्हायचा की अमुक गावच्या तमुक पाटलांकडनं पाच रुपये! २०१७ ला यूट्यूबनं सुपरचॅट आणलं तेव्हा लाईव्हमध्ये पैसे देणाऱ्याचं नाव रंगीत पट्टीत वर चिकटायला लागलं, मला तर हसूच आलं, पाटलांचा पुकारा फक्त मोबाईलवर आला होता.

मधे एक तिसरी जात झाली ती संपादकांची. किर्लोस्करवाडीत १९२० ला 'किर्लोस्कर खबर' निघालं, मुळात नांगराच्या कारखान्याचं खबरपत्र, पण शंकरराव किर्लोस्करांनी त्याचं बघता बघता मासिक केलं, मग १९३० ला 'स्त्री' आणि १९३४ ला 'मनोहर'. माळावरच्या एका कारखान्याच्या वसाहतीतनं ही मासिकं घरोघरी जात होती आणि नव्या लिहिणाऱ्यांना, बायकांना सुद्धा, त्यात जागा मिळत होती. राजाला एक माणूस आवडून भागतं, संपादकाला दर महिन्याला पानं भरायची असतात, म्हणून तो नवी माणसं शोधतच राहतो. मला हे मॉडेल सगळ्यात सरस वाटतं, पटलं तर बघा.

मग आलं इंटरनेट. २०१६ च्या सप्टेंबरात जिओ आलं आणि वाडीवस्तीवर व्हिडिओ चालायला लागले. त्याच वर्षी तिकडं परदेशात स्टीम (Steem) नावाचा, स्वतःच्या डिजिटल नाण्यांवर चालणारा सोशल मीडियाचा प्रकार सुरू झाला, त्यात लिहिणाऱ्यालाच नाही तर चांगलं लिखाण हुडकून त्याला मत देणाऱ्यालाही पैसे. आधी साधारण ७५ टक्के लिहिणाऱ्याला आणि २५ टक्के मत देणाऱ्याला, २०१९ च्या ऑगस्टात ते निम्मं निम्मं केलं. कल्पना झकास, पण ज्याच्याकडं जास्त नाणी त्याच्या मताला जास्त वजन, आणि लगेच मतं विकणारे बॉट, म्हणजे आपोआप मत टाकणारे प्रोग्रॅम, निघाले, पैसे टाका मत घ्या. म्हणजे पंचांनीच फडाकडनं पाकीट घेतल्यासारखं झालं की. तरी तिथं काही ग्रुप होते जे स्वतःची मतं एकत्र करून मुद्दाम नवख्यांनाच द्यायचे, आणि २०२० च्या मार्चमध्ये मालकीवरनं भांडण होऊन बरीच मंडळी हाइव्ह नावानं वेगळी झाली.

आपल्याकडं मात्र सगळं यूट्यूबवर अडकलं. २०१८ ला त्यांनी नियम केला, जाहिरातीचे पैसे पाहिजेत तर १००० सबस्क्रायबर आणि वर्षात ४००० तास वॉचटाइम. ४००० तास म्हणजे २ लाख ४० हजार मिनिटं. माणूस सरासरी चार मिनिटं थांबतो धरलं तरी ६० हजार वेळा व्हिडिओ बघितला गेला पाहिजे. त्या तासगावच्या पोरानं बेदाणा शेडवर व्हिडिओ केलेला, द्राक्षं डिपिंग ऑइलच्या पाण्यात बुडवून जाळ्यांवर कशी पसरायची ते, अगदी हातातली क्रेट दिसतील एवढ्या जवळनं. गावातली पोरं रात्री मोबाईल चार्जिंगला लावून तोच व्हिडिओ लूपवर सोडायची, मित्राचे तास भरायला. प्रेम लई, पण उपयोग शून्य, असले तास धरत नाहीत. सब-टू-सबचं तेच, तुम्ही मला करा मी तुम्हाला करतो, आकडा वाढतो आणि बघत कुणीच नाही. त्यापेक्षा एका द्राक्षवाल्यानं त्याच्या बागायतदारांच्या ग्रुपवर लिंक टाकून 'पसरायची पद्धत बघा' एवढंच लिहिलं त्यानं जास्त काम केलं, कारण बघणारे खरंच बेदाणा करणारे होते.

२९ जून २०२० ला भारतात टिकटॉक बंद झालं आणि कित्येकांचे जमवलेले फॉलोअर एका रात्रीत गेले, पुढच्या महिन्यात इन्स्टाग्रामचं रील्स आलं. मग जिल्ह्याच्या नावानं चालणारी पेजेस वाढली. चांगली पेजेस आजचे पंचच, एक शेअर मारला की पोराचा व्हिडिओ मिरजेपासनं आटपाडीपर्यंत फिरतो. पण यातच खरी दुखरी नस आहे, नाव. तमाशात पाच रुपये देणाऱ्याचं नाव पुकारत होते आणि इथं बनवणाऱ्याचंच नाव गायब, खाली 'क्रेडिट: सोशल मीडिया'. २०२१ ला इन्स्टानं कोलॅब आणलं, एकाच पोस्टवर दोघांची नावं यायची सोय झाली. २०२४ ला तर त्यांनी सांगितलं की उचललेल्या व्हिडिओच्या जागी मूळ बनवणाऱ्याचाच व्हिडिओ लोकांना सुचवणार.

पण इन्स्टाचा नियम इन्स्टापुरता, व्हॉट्सअ‍ॅपला कोण विचारतंय. त्या पोराचा बेदाण्याचा व्हिडिओ कुणीतरी डाउनलोड केला, कोपऱ्यातलं नाव कापलं, वर हलगी लावली आणि सोडून दिला. आठ दिवसांनी तोच व्हिडिओ त्याच्या चुलत्यानं घरच्या ग्रुपवर टाकला, खाली त्यालाच टॅग करून, 'बघ जरा, असलं काहीतरी करत जा.'