मान वळवणारा वेबकॅम घ्यावा का?

मान वळवणारा वेबकॅम म्हणजे आपला चेहरा शोधून मोटरनं त्याच्या मागं वळत राहणारा कॅमेरा, या मागं लागण्याला ट्रॅकिंग म्हणतात. त्यातलं चेहरा शोधणं हे काम कॅमेऱ्यासाठी आता जुनं झालंय. 2001 साली पॉल व्हायोला आणि मायकेल जोन्स यांनी मांडलेली पद्धत 700 मेगाहर्ट्झच्या पेंटियम 3 प्रोसेसरच्या कॉम्प्युटरवर सुद्धा सेकंदाला 15 फ्रेम तपासायची, आणि आयडिया इतकी सोपी की ऐकून वाटतं, बास, एवढंच? डोळ्यांचा पट्टा गालांपेक्षा काळपट असतो, नाकाचा दांडा डोळ्यांपेक्षा उजळ, मग काळे-पांढरे चौकोन फोटोवर फिरवून उजेडाची वजाबाकी करायची आणि जुळत नाही तो तुकडा पहिल्या एक-दोन चाचण्यांतच बाद, भिंतीवर टाइम घालवायचाच नाही. आता न्यूरल नेटवर्क (ढीगभर फोटो बघून शिकलेले प्रोग्राम) आलेत, त्यामुळं मान तिरकी केली तरी चेहरा सहसा सुटत नाही.

खरी गोची मोटरची आहे. आपण नुसतं बोललो तरी चेहरा थोडा थोडा हलतो, तेवढ्यावर मोटर फिरायला लागली तर समोरच्याला गरगरायला लागंल की ओ. म्हणून फ्रेमच्या मधोमध एक मोकळी जागा धरतात, चेहरा तिच्या आत आहे तोवर मोटर गप्प, बाहेर गेला की जेवढा लांब तेवढा स्पीड, आणि जवळ आला की हळू. हे गणित कच्चं असलं की कॅमेरा पुढं जातो, मागं येतो, परत पुढं. दुकानात बघताना झटकन बाजूला सरका आणि थांबा, चित्र एका दमात थांबतंय का डुलतंय ते बघा, मेगापिक्सेल नंतर.

मिरजेत आमचे एक काका ऑनलाइन सतार शिकवतात, त्यांच्या खोलीत असला एक लावून बघितला. दिवसा झकास. संध्याकाळी एका ट्यूबवर मात्र गडबडला, कारण उजेड कमी झाला की प्रत्येक फ्रेमला सेन्सर जास्त वेळ उजेड गोळा करतो आणि हलणारा चेहरा पुसट होतो. त्यात काकू चहा ठेवून वळल्या तर हा त्यांच्याच मागं निघाला, "अहो, हे माझ्याकडं का बघतंय?" पण मेन अडचण वेगळीच, विद्यार्थ्याला बघायचीय सतारीच्या पडद्यांवरची बोटं आणि मिजराब (तार छेडायला बोटात घालतात ती नखी), आणि हा मान वर करून काकांचा चेहराच दाखवणार. शेवटी ट्रॅकिंग बंद करून रिमोटनं लेन्स खाली वळवली तेव्हा कुठं क्लास चालू झाला.

मोटरशिवाय पण हे जमतं. अॅपलनं 2021 च्या आयपॅड प्रोमध्ये सेंटर स्टेज दिलं, त्यात लेन्स रुंद असते आणि चेहऱ्याभोवतीचा तुकडा तेवढा कापून दाखवतात, काहीच फिरत नाही, आवाज नाही. फक्त कापलं की पिक्सेल गेले, 4के चित्राची रुंदी-उंची निम्मी केली की फुल एचडीच उरतं. मोटरवाल्यात अख्खा सेन्सर वापरात राहतो.

त्यामुळं खुर्चीत बसून मीटिंगच करायची असंल तर मोटरचे पैसे वाया. फळ्यासमोर फिरून शिकवणारा किंवा योगा घेणारा असंल तर घ्या, पण ट्रॅकिंग बंद करायचं बटण कॅमेऱ्यावर नाहीतर रिमोटवर आहे का ते बघूनच, सॉफ्टवेअरच्या मेनूत शोधत बसायला लागलं तर चालू क्लासमध्ये त्याचा काय उपयोग नाही.