नागपुरातील स्वस्त मोबाइल कंपन्या

प्रस्थापित कंपन्यांपेक्षा कमी दर लावून मोबाइल सेवेच्या बाजारात शिरलेल्या नवागत कंपन्या आणि नागपूर शहर व परिसरात त्यांची झालेली वाटचाल. 2009 ते 2019 या दहा वर्षांत टाटा डोकोमो, युनिनॉर (पुढे टेलिनॉर), एअरसेल अशी नावे बर्डीच्या (सीताबर्डी या बाजारपेठेच्या) दुकानांवर झळकली आणि एकामागून एक उतरली. या काळातल्या नवागतांपैकी पाय रोवून उभी राहिली ती रिलायन्स जिओ. पण तिला स्वस्त म्हणणे जितके खरे, तितके छोटी म्हणणे खोटे. बाकीच्यांकडे दर कमी ठेवण्याशिवाय दुसरे हत्यार नव्हते. त्याच हत्याराने त्या ग्राहकाच्या दुसऱ्या सिमच्या खाचेपुरत्या उरल्या.

नागपूर आणि सर्कलची सीमा

भारतात मोबाइल परवाने शहरवार नव्हे, तर सर्कलवार म्हणजे सेवाक्षेत्रानुसार दिले जातात. देशात अशी 22 सर्कल आहेत. नागपूर ‘महाराष्ट्र व गोवा’ या सर्कलमध्ये येते. मुंबई, नवी मुंबई व कल्याणचा परिसर मात्र मुंबई या स्वतंत्र सर्कलमध्ये. त्यामुळे नागपूर आणि पणजी एका सर्कलमध्ये, पण नागपुरात पाऊण-एक दिवसाच्या कामासाठी रोज माणसे जिथून येतात ते सौंसर, पांढुर्णा, छिंदवाडा आणि शिवनी दुसऱ्या सर्कलमध्ये, अशी विभागणी झाली.

दवाखाना, कापडबाजार, संत्र्याचा व्यापार, नातीगोती या सगळ्यांत नागपूरचा संबंध मध्य प्रदेशाशी पुण्याहून जास्त. सर्व सर्कलमध्ये जाळे असलेल्या कंपनीला याची फारशी झळ बसत नाही, मोजक्या सर्कलमध्ये तग धरून असलेल्या कंपनीला बसते. नोव्हेंबर 2012 च्या स्पेक्ट्रमच्या (मोबाइल लहरींच्या) लिलावानंतर टेलिनॉरच्या वाट्याला महाराष्ट्र राहिले, मध्य प्रदेश नाही. व्हिडिओकॉनने मध्य प्रदेशात स्पेक्ट्रम घेतला, महाराष्ट्रात नाही. सीमेच्या दोन्ही बाजूंना एकेक स्वस्त कंपनी, आणि दोघींचेही ग्राहक पलीकडे गेले की परके. फेब्रुवारी 2013 मध्ये युनिनॉरला मुंबईतली सेवाही बंद करावी लागली. विदर्भ एक्स्प्रेसने मुंबई गाठणाऱ्या नागपूरकराच्या दृष्टीने मग ते सिम प्रवासाच्या कामाचे राहिले नाही.

जुन्यांची पक्की जागा

महाराष्ट्र सर्कलमध्ये पहिल्या दोन खासगी कंपन्या म्हणजे बिर्ला एटी अँड टी (पुढे आयडिया) आणि बीपीएल (पुढे हच, मग व्होडाफोन). 2002 च्या आसपास एअरटेल व बीएसएनएल आल्या. 9822, 9823, 9890, 9422 हे आकडे पाहून कंपनी ओळखण्याची सवय एका पिढीला लागली. डॉक्टर, वकील, ठेकेदार, मंगल कार्यालयवाले यांचे हे नंबर दुकानाच्या पाटीवर, लग्नपत्रिकेवर आणि लेटरहेडवर छापले गेले. नंबर बदलणे म्हणजे धंदा अर्धा बुडवणे.

20 जानेवारी 2011 रोजी नंबर तोच ठेवून कंपनी बदलण्याची सोय देशभर सुरू झाली आणि हा पहारा कागदोपत्री उठला. 1900 या क्रमांकावर ‘पोर्ट’चा संदेश पाठवायचा, आठ अक्षरी-अंकी कोड मिळवायचा आणि नव्या कंपनीच्या दुकानात द्यायचा. पोर्ट मारणे हा शब्दप्रयोग तेव्हापासून रुळला. प्रत्यक्षात नवागतांना याचा जेवढा लाभ व्हायला हवा होता तेवढा झाला नाही. मौल्यवान ग्राहक पोर्ट मारत, पण एका जुन्या कंपनीकडून दुसऱ्या जुन्या कंपनीकडे. कॉल महाग पडतो म्हणून कुरकुरणारा माणूस पोर्ट न मारता पानठेल्याशेजारच्या छत्रीखालून नवे सिम घेऊन यायचा. दोन सिमचे स्वस्त हँडसेट तोवर बाजारात आलेच होते. पहिल्या खाचेत जुना नंबर येणाऱ्या कॉलसाठी, दुसऱ्या खाचेत स्वस्त सिम करायच्या कॉलसाठी.

रेंज

स्वस्त कंपन्यांविषयीची सर्वांत जुनी तक्रार रेंजची, आणि तिच्यामागे निष्काळजीपणापेक्षा भौतिकशास्त्र अधिक होते. सर्वांत जुन्या कंपन्यांकडे 900 मेगाहर्ट्झच्या लहरी होत्या. 2008 मध्ये परवाने मिळालेल्या नवागतांना सुरुवातीला मिळाला तो 1800 मेगाहर्ट्झ पट्ट्यातील 4.4 मेगाहर्ट्झचा तुकडा. वरच्या पट्ट्यातील लहरी कमी अंतर कापतात आणि भिंतींत लवकर जिरतात. म्हणजे तेवढाच भाग झाकायला टॉवर जास्त हवेत, आणि पैसा तर कमी.

नागपुरात हा फरक चालता चालता कळत असे. व्हरायटी चौकात किंवा धंतोलीच्या मोकळ्या रस्त्यावर पूर्ण दांड्या. इतवारी-महालातल्या जाड भिंतींच्या वाड्यात आतल्या खोलीत शिरले की एक दांडी, कधी तीही नाही. मग गच्चीवर जाऊन बोलायचे. हिंगणा आणि बुटीबोरीच्या एमआयडीसीत पत्र्याच्या शेडखाली तीच गत. स्वस्त दराचा खरा ग्राहक तिथेच काम करत होता, हा त्यातला उपरोध.

टॉवरचा खर्चही ग्राहकसंख्या पाहून कमी होत नाही. मे महिन्यात पारा 45 अंशांपार गेला की यंत्रणा थंड ठेवावी लागते, वीज गेली की डिझेलवर जनरेटर चालवावा लागतो, मग त्या टॉवरवर शंभर माणसे बोलोत की दहा हजार. भाड्याने टॉवर घ्यावे तर महाराष्ट्रातील मोठा साठा इंडस टॉवर्सकडे. आणि ही कंपनी 2007 मध्ये उभारली भारती, व्होडाफोन व आयडिया यांनी मिळून. ज्याच्याशी लढायचे त्यालाच भाडे द्यायचे!

कॉल पलीकडे पोचवण्याची किंमत

एका कंपनीच्या ग्राहकाने दुसऱ्या कंपनीच्या ग्राहकाला फोन केला, तर फोन करणाऱ्याची कंपनी समोरच्या कंपनीला ठराविक शुल्क देई. 2009 पासून हा दर मिनिटाला 20 पैसे होता, 2015 मध्ये 14 पैसे झाला, 1 ऑक्टोबर 2017 पासून 6 पैसे आणि 1 जानेवारी 2021 पासून शून्य.

टाटा डोकोमोने 2009 मध्ये सेकंदाला एक पैसा हा दर आणला आणि पूर्ण मिनिटाचे पैसे आकारणाऱ्या सर्वांना काही महिन्यांत तोच रस्ता धरावा लागला. (टाटांची कंपनी तशी नवी नव्हती; सीडीएमए या वेगळ्या तंत्रावरची सेवा तिची आधीपासून होती. नवा होता तो जीएसएम तंत्रावरचा ब्रँड.) पुढे दर सेकंदाला अर्ध्या पैशापर्यंत ओढला, तर मिनिटाचे तीस पैसे हाती येतात. त्यातले वीस समोरच्या कंपनीला गेले की उरलेल्या दहांत टॉवर, डिझेल, पगार, जाहिरात आणि सरकारी शुल्क. छोट्या कंपनीचे बहुतेक कॉल बाहेर जातात, कारण तिचे स्वतःचे ग्राहक थोडे. मोठ्या कंपनीचे पुष्कळ कॉल घरच्या घरी राहतात. शिवाय दुसऱ्या खाचेतल्या सिमवर येणारे कॉल कमी, म्हणून मिळणारे शुल्कही कमी. एकच नियम सगळ्यांना लागू होता, पण त्याचा भार सारखा पडत नव्हता.

काउंटरवरचे गणित

शहरात प्रीपेडचा व्यवहार कंपन्यांच्या चकचकीत दालनांपेक्षा लहान दुकानांत चाले. मोदी नंबर 3 च्या गल्लीतला मोबाइलवाला, मेडिकल चौकातला झेरॉक्सवाला, कामठी रोडवरचा किराणा दुकानदार. प्रत्येकाकडे कंपनीगणिक एक लापू सिम (ग्राहकांचे रिचार्ज मारण्याचे दुकानदाराचे सिम), साध्या बटणांच्या हँडसेटमध्ये घातलेले. वितरकाचा पोऱ्या सकाळी येई, रोख घेई आणि त्या सिमवर बॅलन्स टाकून जाई. दुकानदाराला रिचार्जमागे शेकडा दोन-तीन रुपये सुटत.

दुकानदाराचे भांडवल मर्यादित. चार-पाच हजार रुपये दिवसभर फिरवायचे, तर ते रोज दहा गिऱ्हाइके मागतात त्या कंपनीत घालायचे, की आठवड्यातून दोन मागतात त्या? त्यामुळे नव्या कंपनीचा बॅलन्स दुकानात बहुधा नसेच. “भाऊ, त्याचं संपलं, उद्या या,” हे वाक्य ऐकून परत गेलेला ग्राहक पुढच्या वेळी जुन्याच सिमवर पैसे टाकी. यावर उपाय म्हणून नवागत कंपन्या नव्या सिमच्या चालू होण्यावर भरघोस पैसे देत. त्याने दुकानदार खूश झाला, कंपनीचे आकडे फुगले, आणि ग्राहक सोबत मिळालेला फुकट टॉकटाइम संपवून सिम फेकून देऊ लागला. पुढच्या महिन्यात तोच माणूस तेच फोटो-फॉर्म देऊन दुसरे सिम घेई. नोंदींत ग्राहक वाढलेले दिसत, मिळकत तेवढीच.

परवाने आणि गाशा

10 जानेवारी 2008 रोजीच्या वाटपातले 122 परवाने सर्वोच्च न्यायालयाने 2 फेब्रुवारी 2012 रोजी रद्द केले. अनेक कंपन्या तिथेच आटोपल्या. टेलिनॉर नोव्हेंबरच्या लिलावात स्पेक्ट्रम घेऊन परतली, ‘सबसे सस्ता’ म्हणत आणखी काही वर्षे लढली आणि मे 2018 मध्ये एअरटेलमध्ये विलीन झाली. तमिळनाडूत मुरलेली पण महाराष्ट्रात उशिरा आलेली एअरसेल जानेवारी 2018 अखेरीस या सर्कलमधून उठली. तिच्या ग्राहकांची पोर्ट मारण्यासाठी धावपळ झाली. टाटांचा मोबाइल व्यवसाय 1 जुलै 2019 रोजी एअरटेलकडे गेला.

जिओची गोष्ट वेगळी

5 सप्टेंबर 2016 रोजी आलेल्या जिओलाही दारात अडवले गेले. तिच्या ग्राहकांचे इतर कंपन्यांकडे जाणारे कॉल मोठ्या संख्येने तुटत, कारण दोन जाळ्यांमधील जोडण्या अपुऱ्या होत्या. हजारात पाचांहून जास्त कॉल या कारणाने तुटू नयेत असा ट्रायचा (दूरसंचार नियामक प्राधिकरणाचा) दंडक आहे. ऑक्टोबर 2016 मध्ये ट्रायने एअरटेल, व्होडाफोन व आयडिया यांच्यावर मिळून 3,050 कोटी रुपयांच्या दंडाची शिफारस केली. फरक एवढाच की जिओ थांबू शकत होती. 31 मार्च 2017 पर्यंत सेवा फुकट देण्याची ऐपत तिच्यामागच्या उद्योगसमूहात होती, आणि आवाजही डेटावरून नेणारे तिचे 4जी जाळे जुन्या 2जीच्या ओझ्यापासून मुक्त होते. युनिनॉरला वर्षानुवर्षे जे जमले नाही ते तिने सहा महिन्यांत केले: लोकांनी दुसऱ्या खाचेतले सिम पहिल्या खाचेत घातले.

दुसऱ्या सिमचा शेवट

2018 च्या अखेरीस जुन्या कंपन्यांनी सिम चालू ठेवण्यासाठी 28 दिवसांना किमान 35 रुपयांचे रिचार्ज लावले; ही किमान रक्कम पुढे चढत जाऊन जुलै 2024 च्या दरवाढीनंतर 199 रुपयांपर्यंत पोचली. फक्त कॉल घेण्यासाठी नंबर जिवंत ठेवणे खिशाला परवडेना, आणि दोन सिमची सवय मोडली. त्या दरवाढीनंतर बरेच ग्राहक बीएसएनएलकडे वळले. सरकारी मालकीची ही जुनी कंपनी अशा रीतीने स्वस्ताईच्या जागेवर येऊन बसली, पण तेव्हा तिचे 4जी जाळे उभारले जात होते आणि त्याचे देशव्यापी उद्घाटन व्हायला सप्टेंबर 2025 उजाडला.

स्वतःचे टॉवर न उभारता दुसऱ्याचे जाळे घाऊक दराने घेऊन स्वस्त सेवा विकणाऱ्या कंपन्यांना परवानगी देणारी मार्गदर्शक तत्त्वे दूरसंचार विभागाने 31 मे 2016 रोजी काढली. युरोप-अमेरिकेत अशा कंपन्या सर्रास आहेत. भारतात मात्र घाऊक दर दोन्ही बाजूंच्या आपसातील करारावर सोडलेला आहे, आणि जाळे द्यायलाच हवे अशी सक्ती मोठ्या कंपन्यांवर नाही. त्यामुळे या वाटेने आलेले स्वस्त सिम बर्डीच्या काउंटरवर दिसत नाही.