गीझरचा थर्मोस्टॅट

साठवणीच्या गीझरमधले पाणी ठरावीक तापमानाला पोचले की वीज तोडणारा आणि ते निवू लागले की पुन्हा जोडणारा नियंत्रक. थंड प्रदेशांत थर्मोस्टॅट म्हटले की सगळे घर उबदार ठेवणारे यंत्र आठवते. पुण्यात खोल्या तापवण्याची रीत नाही. १७ जानेवारी १९३५ रोजी पारा १.७ अंश सेल्सिअसपर्यंत उतरल्याची इथली नोंद आहे, तरी पुणेकराचा हिवाळा स्वेटर आणि दुलईवर निभावतो. वीज खर्च होते ती आंघोळीच्या पाण्यावर. वाड्यांत हे काम तांब्याचा बंब करी आणि पाणी तापले की नाही हे हाताला कळे. आता तो अंदाज गीझरच्या बटणावर सोपवलेला असतो.

बटण फिरवून तापमान खाली आणले की आंघोळच स्वस्त होते, ही समजूत पुरती खरी नाही. २० अंशांचे १५ लिटर पाणी ४० अंशांवर न्यायला सुमारे ०.३५ युनिट लागते, मग थर्मोस्टॅट ६० वर असो की ५० वर. बचत होते ती न वापरलेल्या पाण्यात. २५ लिटरची टाकी ६० अंशांपर्यंत तापवायला १.१६ युनिट जाते, ५० पर्यंत ०.८७. आंघोळ एकाचीच असेल तर उरलेली उष्णता टाकीतच विरते. शिवाय बाहेर २० अंश असताना ६० ऐवजी ५० ठेवल्यास टाकीतून झिरपणारी उष्णता साधारण पावपट घटते. ही गळती किती कमी, त्यावरच गीझरच्या लेबलवरचे वीजबचतीचे तारे (स्टार) ठरतात. घरातल्यांनी लागोपाठ आंघोळी उरकून स्विच बंद केला, तर फायदा याहून मोठा.

तापमान फार उतरवणे मात्र घातक. ४५ अंशांखालच्या साठलेल्या कोमट पाण्यात न्यूमोनिया घडवणारे लेजिओनेला जिवाणू वाढू शकतात. म्हणून ५० च्या खाली जाऊ नये, आणि अधूनमधून ६० पर्यंत तापवून घ्यावे. उलट ६० अंशांचे पाणी लहान मुलांना व वृद्धांना काही सेकंदांत भाजू शकते. बोअरवेलचे जड पाणी जास्त तापले की कॉइलवर क्षारांचा थरही लवकर धरतो.

काही गीझरांत बटण खालच्या झाकणाआड असते. तिथे मेन स्विच बंद करून इलेक्ट्रिशियननेच हात घालावा. मे महिन्यात गच्चीवरच्या टाकीतले पाणी दुपारपर्यंत आपोआप तापते. तेव्हा गीझर लावायचे कारणच नसते.