जॉनी वॉकर

जॉनी वॉकर (मूळ नाव बद्रुद्दीन जमालुद्दीन काझी, जन्म इंदूर, निधन मुंबई, २९ जुलै २००३) : हिंदी चित्रपटांतील विनोदी अभिनेते. १९५० च्या दशकात हिंदी पडद्यावर त्यांच्याइतका लाडका विनोदवीर दुसरा नव्हता. सुमारे ३०० चित्रपटांत त्यांनी कामे केली. त्यांची खरी ओळख मात्र दिग्दर्शक-निर्माते गुरुदत्त यांच्या चित्रपटांतील भूमिकांनी घडली. ‘मधुमती’साठी (१९५८) त्यांना सहायक अभिनेत्याचे आणि ‘शिकार’साठी (१९६८) विनोदी भूमिकेचे फिल्मफेअर पारितोषिक मिळाले. त्यांचे पडद्यावरचे नाव व्हिस्कीच्या बाटलीवरून आले आणि लोकांनी त्यांना डोक्यावर घेतले ते दारुड्याच्या सोंगासाठी. स्वतः त्यांनी जन्मभर दारूला हात लावला नाही.

इंदुरातला मराठी माणूस गावच्या कलावंतांची नावे सांगू लागला की लता मंगेशकरांपासून सुरुवात करतो, कारण त्यांचा जन्म (१९२९) इथलाच. कुमार गंधर्वांसाठी तो देवासपर्यंतही जातो. रामबाग किंवा लोकमान्यनगर अशा तिथल्या मराठी वस्त्यांत या गप्पा कुठेही ऐकाव्यात. जॉनी वॉकर यांचे नाव निघालेच तर शेवटी निघते. वास्तविक १९२० च्या दशकात, होळकरी अमलातल्या इंदुरात जन्मलेल्या त्याच पिढीचे हे दुसरे मोठे नाव आहे. ते मागे पडावे असे काहीच नाही. पडद्यावर त्यांनी उभी केलेली माणसे नीट पाहिली, तर त्यांची मुळे या गावाच्या गिरण्यांपर्यंत जाऊन पोहोचतात.

गिरणगाव इंदूर

आज इंदूर म्हटले की राजवाडा, सराफ्यातली रात्रीची खाऊगल्ली आणि स्वच्छतेचे क्रमांक आठवतात. काझी कुटुंब इथे राहत होते तेव्हा हे कापसाचे आणि भोंग्यांचे गाव होते. माळव्याच्या काळ्या मातीतला कापूस इथे यायचा. दुसऱ्या तुकोजीराव होळकरांनी एकोणिसाव्या शतकातच सरकारी गिरणी काढली होती. विसाव्या शतकात मालवा, हुकुमचंद, कल्याणमल, राजकुमार, स्वदेशी, भंडारी अशा गिरण्या एकामागून एक उभ्या राहिल्या. गिरणी कामगारांनी आपली छाप गावावर कायमची सोडली ती गणेशोत्सवात. अनंत चतुर्दशीच्या रात्री गिरण्यांच्या झांक्या, म्हणजे दिव्यांनी लखलखणारे फिरते देखावे, रस्त्यावर निघतात आणि त्या पाहायला सारे गाव पहाटेपर्यंत जागते. गिरण्या बंद पडल्या, तरी कामगारांनी झांक्या बंद पडू दिल्या नाहीत. हुकुमचंद मिल १९९१ मध्ये बंद झाली आणि तिच्या कामगारांना त्यांची देणी मिळायला डिसेंबर २०२३ उजाडला. तोवर त्यांतले कितीतरी जण या जगात राहिले नव्हते. गिरणी बंद होणे म्हणजे घरात काय होणे, हे इंदुरातल्या अनेक कुटुंबांना वेगळे सांगावे लागत नाही.

बद्रुद्दीन यांच्या घरावर हा प्रसंग फार आधी आला. वडील गिरणीत कामाला होते आणि घरात खाणारी तोंडे बरीच. वडिलांची नोकरी गेली आणि सारे बिऱ्हाड मुंबईला हलले. त्या काळी इंदूर मीटरगेजवर होते. मुंबईची मोठ्या रुळांची गाडी पकडायला खांडव्यासारख्या ठिकाणी गाडी बदलावी लागे. अशोककुमार आणि किशोरकुमार यांचे गाव हे खांडवाच. काम गेले की मुंबई गाठायची ही वाट माळव्यातल्या आणि खानदेशातल्या, मराठी आणि मुसलमान, अशा कित्येक घरांनी धरली आहे.

कंडक्टरची घंटी

मुंबईत या पोराने बर्फाच्या कांड्या विकल्या, फळे आणि भाजी विकली. पुढे आज ‘बेस्ट’ म्हणून ओळखल्या जाणाऱ्या बससेवेत तो कंडक्टर झाला. पगार थोडा असला तरी दर महिन्याला हातात पडणारा होता. पण बद्रुद्दीन यांना ती बस म्हणजे रंगमंचच वाटे. थांब्यांची नावे ते नकलांच्या सुरात पुकारत आणि तिकीट फाडता फाडता उतारूंना हसवत. नट व्हायचे हे मनात पक्के होते. सवड मिळेल तेव्हा ते चित्रीकरणाच्या जागी गर्दीतला माणूस म्हणूनही उभे राहत.

कंडक्टरकीचा हा काळ चरित्रातला गमतीचा तपशील म्हणून सांगून पुढे जाण्याची रीत आहे. माझ्या मते ती चूक आहे. कंडक्टरला दिवसभरात पारशी, भय्या, कोकणी, गुजराती, इराणी, सारी मुंबई भेटते. माणसाची चाल, पैसे मोजायची ढब, भांडायची पट्टी हे सगळे हातभर अंतरावरून पाहायला मिळते. पुढे त्यांनी फोटोग्राफर, पाकीटमार, तेलमालिशवाला, वार्ताहर, नोकर असे जे जे रंगवले, ते या बसमधून कधी ना कधी उतरून गेलेले असणार.

अभिनेते बलराज साहनी त्या वेळी देव आनंद यांच्या नवकेतन या चित्रपटसंस्थेच्या ‘बाजी’ या चित्रपटाच्या लेखनात गुंतले होते. या अवलियावर त्यांची नजर गेली. त्यांनी एक युक्ती सुचवली. बद्रुद्दीन यांनी झिंगलेल्या माणसाचे सोंग घेऊन थेट कचेरीत घुसावे आणि गुरुदत्तांसमोर धिंगाणा घालावा. तो त्यांनी इतका बेमालूम घातला की मंडळींना हा खराच दारुडा वाटला. सोंग उघड झाल्यावर गुरुदत्तांनी त्यांना चित्रपटात घेतले आणि व्हिस्कीच्या प्रसिद्ध ब्रँडवरून नवे नावही दिले. ‘बाजी’ १९५१ मध्ये आला. दिग्दर्शक म्हणून गुरुदत्तांचा तो पहिलाच चित्रपट.

गुरुदत्तांबरोबर

‘जाल’ (१९५२), ‘बाज’ (१९५३), ‘आर पार’ (१९५४), ‘मिस्टर अँड मिसेस ५५’ (१९५५), ‘सीआयडी’ (१९५६), ‘प्यासा’ (१९५७), ‘कागज के फूल’ (१९५९), ‘चौदहवीं का चाँद’ (१९६०) अशी ही साथ चालली. यांतल्या ‘सीआयडी’चे दिग्दर्शन राज खोसला यांचे आणि ‘चौदहवीं का चाँद’चे एम. सादिक यांचे, निर्माते मात्र गुरुदत्तच. गुरुदत्त आणि आपण कसे काम करत असू, ते जॉनी वॉकर पुढे मुलाखतींतून सांगत. गुरुदत्त प्रसंग समजावून देत, लिहिलेला संवाद हातात ठेवत आणि याहून बरे सुचले तर खुशाल बोल म्हणत. मग प्रत्येक तालमीत नवी भर पडे. गुरुदत्तांचे लक्ष तेव्हा नटापेक्षा भोवती उभ्या असलेल्या दिवेवाल्यांकडे आणि कॅमेऱ्याच्या माणसांकडे असे. ती हसली की प्रसंग जमला.

त्या आधीच्या हिंदी चित्रपटांत विनोदी पात्र बहुधा कथेच्या कडेला उभे राहून कोलांट्या मारी. गुरुदत्तांच्या चित्रपटांत जॉनी वॉकर कथेच्या आत आले आणि नायकाचे मित्र झाले. त्या पात्रांना पोटापाण्याचा धंदा होता, खोलीभाड्याची चिंता होती, एखादी प्रेयसीही होती. ‘आर पार’पासून अबरार अल्वी यांचे संवाद आले आणि पात्रे आपापल्या धंद्याची, जातकुळीची बोली बोलू लागली. बारीक मिशी, अनुनासिक पातळ आवाज आणि वाक्याच्या शेवटी मान वाकडी करून थांबण्याची लकब यांना या संवादांत घर मिळाले.

‘सीआयडी’तला त्यांचा मास्टर हा पाकीटमार आहे. खुनाचा तोच साक्षीदार असल्याने सारा तपास त्याच्याभोवती फिरतो. या चित्रपटातला मारेकरी मेहमूद यांनी केला आहे. पुढच्या दशकात विनोदाची गादी ज्यांच्याकडे गेली, ते इथे गंभीर चेहऱ्याने वावरताना दिसतात.

‘प्यासा’तला अब्दुल सत्तार ही त्यांची सर्वांत मोठी भूमिका. मुळात त्यांना दुसरी भूमिका द्यायचे ठरले होते, नायकाशी दगाबाजी करणाऱ्या मित्राची. प्रेक्षक जॉनी वॉकरला दगाबाज म्हणून पत्करणार नाहीत असे गुरुदत्तांना वाटले आणि त्यांच्यासाठी तेलमालिशवाल्याचे पात्र उभे राहिले. कलकत्त्यात पाहिलेल्या एका मालिशवाल्याच्या हालचालींवरून ते बेतले होते. त्या अंधाऱ्या चित्रपटात सत्तार येतो तेव्हा प्रेक्षक सुटकेचा श्वास घेतो. पण तेवढ्यासाठीच तो नाही. सख्खे भाऊ आणि प्रकाशक कवीला ओळख देत नाहीत तेव्हा त्याला वेड्यांच्या इस्पितळातून बाहेर काढतो तो हाच फुटपाथवरचा माणूस. विनोदी नटाच्या वाट्याला माणुसकीचा एवढा ऐवज त्या काळच्या हिंदी चित्रपटात क्वचितच आला असेल. उलट ‘कागज के फूल’मध्ये त्यांचे प्रसंग मूळ शोककथेला चिकटत नाहीत, वेगळे पडतात. तो दोष लेखनाचा आहे.

गाणी

विनोदी नटाला स्वतंत्र गाणे मिळणे, आणि तेही नायकाच्या गाण्याइतके लोकप्रिय होणे, ही चाल त्यांनी रूढ केली. ‘प्यासा’तले चंपी-मालिशचे गाणे साहिर लुधियानवी यांनी लिहिले आणि सचिनदेव बर्मन यांनी संगीतबद्ध केले. ‘मिस्टर अँड मिसेस ५५’मध्ये कचेरीतल्या टेबलांमधून हरवलेले काळीज शोधण्याचे द्वंद्वगीत ओ. पी. नय्यर आणि मजरूह सुलतानपुरी यांचे. ‘सीआयडी’त त्याच जोडीने मुंबईत जगणे किती अवघड आहे याचे गाणे दिले. ते जॉनी वॉकर आणि कुमकुम यांच्यावर घोडागाडीत चित्रित झाले. ट्राम, मोटारी, गिरणी यांनी गजबजलेल्या आणि माणूस मात्र हरवलेल्या शहराचे हे वर्णन पडद्यावर गिरणी कामगाराच्या मुलाच्या तोंडी येते. हे ठरवून झालेले नाही, तरी मला ते गाणे ऐकताना दर वेळी इंदूरहून मुंबईला आलेले ते बिऱ्हाड आठवते.

पार्श्वगायन बहुतेक वेळा मोहम्मद रफींचे असे. जॉनी वॉकर यांच्यासाठी गाताना रफी आवाज बदलत. सूर थोडा नाकात घेत, शब्द ओढत, मध्येच तुटका हेल देत, आणि रेडिओवर नुसते ऐकूनही हे गाणे कोणाचे ते कळे. ‘नया दौर’मधला (१९५७) मुंबईचा बाबू असो की ‘मधुमती’तला चरणदास, दोघांच्या गाण्यांत ही किमया आहे.

‘आर पार’मध्ये त्यांच्याबरोबर नूर होत्या, अभिनेत्री शकीला यांच्या बहीण. त्या दोघांवर एक छेडछाडीचे गाणे चित्रित झाले आणि १९५५ मध्ये दोघांनी लग्न केले. १९५७ मध्ये तर ‘जॉनी वॉकर’ याच नावाचा चित्रपट आला आणि त्यात ते नायक होते. चरित्र अभिनेत्याच्या पडद्यावरच्या नावाने चित्रपट निघावा, ही लोकप्रियतेची पावती होती.

नंतरची वर्षे

गुरुदत्त १९६४ मध्ये गेले. कामे पुढेही मिळत राहिली, पण नटाला इतकी मोकळीक देणारा दिग्दर्शक पुन्हा मिळाला नाही. विनोदाची चालही बदलली. आधी मेहमूद यांचा भडक, उसळता विनोद आला आणि १९७० नंतर नायकच विनोद करू लागला. आपल्या एकाही ओळीला सेन्सॉरने कात्री लावली नाही, असे जॉनी वॉकर अभिमानाने सांगत. विनोदात अश्लीलता शिरली म्हणून त्यांनी काम कमी केले. १९८० च्या दशकात ‘पहुँचे हुए लोग’ हा चित्रपट त्यांनी स्वतः दिग्दर्शित केला, पण तो फारसा चालला नाही.

या काळातली ‘आनंद’मधली (१९७१) भूमिका लहान आहे, तरी टाळून चालणार नाही. नायक आनंद अनोळखी माणसाला मुरारीलाल म्हणून हाक मारतो. ईसाभाई सुरतवाला हा नाटकवाला क्षणाचाही विलंब न लावता त्याच खेळात उतरतो आणि आनंदलाही दुसरेच नाव बहाल करतो. पुढे त्याला आनंदचा आजार कळतो तेव्हा या हसऱ्या चेहऱ्यावर दुःख कसे उतरते, ते पाहावे. वीस वर्षे हसवणाऱ्या नटाने तिथे एकही शब्द जास्त वापरलेला नाही.

पुढे कित्येक वर्षे ते पडद्यापासून दूरच राहिले. कमल हासन यांच्या ‘चाची ४२०’मध्ये (१९९७) ते परतले. भूमिका रंगभूषाकाराची, नायकाला बाईचे रूप देणाऱ्या जोसेफची. हा जोसेफ पक्का दारुडा आहे. झोक जाण्याची, जीभ अडखळण्याची आणि मध्येच शहाण्यासारखे बोलून जाण्याची ती जुनी कळ त्यांच्या हातून सुटलेली नव्हती. २९ जुलै २००३ रोजी मुंबईत त्यांचे निधन झाले.